तळाशी राहिलेला मध

मित्रांनो, मारेगावला नजीरभाईंच्या लॅबमध्ये खिडकीजवळच्या फळीवर जी हिरवट काचेची जुनी बाटली दिसते, ती मी. माझ्या गळ्यात दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे. 'हिच्यात नमुना घेऊ नये' असं तिच्यावर लिहिलेलं आहे. येणारा-जाणारा ती वाचतो आणि माझ्याकडे संशयाने बघतो. सुरुवातीला मला फार राग यायचा. मी काही चोरी केली नव्हती. पण माझ्यामुळे एका चांगल्या बाईच्या जिवावर बेतलं होतं हे खरं आहे, आणि ते दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म भट्टीत झाला. कुणाच्या खिडकीची काच, कुणाच्या कंदिलाची काच, कुणाची फुटकी बरणी असं सगळं एकत्र वितळवून मला घडवलं. त्यामुळे माझा रंग धड पांढरा नाही आणि धड हिरवा नाही. पहिली नोकरी खोकल्याच्या औषधाची. औषध संपलं तसा माझा मान संपला आणि मी भंगाराच्या पोत्यात जाऊन पडले. तिथे किती दिवस होते ते आठवत नाही. आठवणीत ठेवण्यासारखं तिथे काही घडलंच नाही.

पोत्यातून मला उचललं ते धावजींनी. धावजी डोंगराजवळच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीत राहायचे आणि जंगलातल्या मोहळांचा मध काढून बाजारात विकायचे. त्यांनी मला राखेने घासलं, कढत पाण्याने विसळलं, दिवसभर उन्हात पालथं घातलं आणि मग माझ्यात मध भरला. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक आलं की ते मला सूर्यासमोर धरायचे. "पाहा, आरपार दिसते," एवढंच म्हणायचे. माझ्या आयुष्यातले तेच सगळ्यात सुखाचे दिवस होते.

मला विकत घेतलं तानाबाईने. जवळच्याच एका खेड्यात ती राहायची. हाडापेराने मजबूत, आवाज खणखणीत. गावातल्या पंधरा बायांना घेऊन ती कापूस वेचायला जायची. कोणाच्या शेतात कधी जायचं, किती वाजता निघायचं, हे सगळं तीच ठरवायची आणि बायाही तिचंच ऐकायच्या. तिच्या नातवाला खोकला झाला होता म्हणून तिने मध घेतला. नातू बरा झाला, मध संपत आला आणि तळाशी बोटभर जो राहिला तो घट्ट होऊन बसला. मला कोनाड्यात सरकवून दिलं. रॉकेलच्या बाटलीशेजारी मी दोन वर्षं उभी होते. झाकणाभोवती मुंग्या यायच्या, तेवढीच काय ती सोबत.

आता त्या वर्षाचं सांगते. शेतात मी काही गेले नव्हते. हे सगळं मी नंतर लॅबच्या बाकावर बसलेल्या बायांच्या तोंडून ऐकलं. त्या साली पाऊस मधेच दडी मारून बसला, अळी पडली, आणि कापसाच्या भावाचं तर कुणी नावच काढत नव्हतं. कपाशी गुडघ्याएवढीच राहिली. एका झाडाला चार-दोन बोंडं. वेचलेला कापूस टाकायला कमरेला बांधलेली ओटी भरायची तर पूर्वीच्या दुप्पट रान तुडवावं लागायचं. मजुरी वजनावर मिळायची, म्हणून बाया दिवसभर मान वर करत नव्हत्या.

आणि मित्रांनो, कपाशी गुडघ्याएवढी म्हणजे आडोसा नाही. चांगल्या सालात डोक्याएवढ्या पऱ्हाटीच्या तासात, दोन ओळींच्या मधे, बाई कुठेही बसली तरी कुणाला दिसत नसे. त्या साली बांधावर उभ्या माणसाला सगळं शिवार दिसायचं. मग लघवीला जायचं कुठे? लघवी हा शब्द ऐकून हसू नका. तुम्हीही जाता. तानाबाईने त्यावर आपल्या परीने उपाय काढला. निघताना ती बायांना बजावायची, "पाणी पिऊ नोका वं. पेलं तं जा लागते, अन् जा लागलं तं जागा कोठी हाये?" सकाळी घोटभर चहा, मग संध्याकाळपर्यंत काही नाही. लागली तरी दाबून धरायची. सगळ्यांत जास्त वेळ तानाबाई धरायची, कारण ती पुढारी होती.

नजीरभाईंच्या बायको रशीदाभाभी लॅबमध्ये येणाऱ्या बायांना हे समजावून सांगतात, त्यामुळे मला आता तोंडपाठ झालं आहे. आपल्या अंगावर आणि आतड्यात बारीक जंतू असतातच. शौचाच्या जागेचे जंतू कधीकधी लघवीच्या वाटेने वर चढतात. बायांची ही वाट आखूड असते, म्हणून त्यांना हा त्रास जास्त होतो. आपण भरपूर पाणी प्यायलो आणि वेळेवर लघवी केली, तर त्या धारेबरोबर बरेचसे जंतू बाहेर वाहून जातात. पण लघवी तासन् तास पिशवीत साठवून ठेवली, तर त्यांना वाढायला आयती सवड मिळते. मग पिशवी आतून सुजते. जळजळ होते, घडीघडी जावंसं वाटतं, गेलं तर थेंबभर होते, ओटीपोट दुखतं, लघवी गढूळ दिसते.

तानाबाईला नेमकं हेच झालं होतं. दोन आठवडे तिने कुणाला सांगितलं नाही. शेवटी तिची सून प्रियंका तिला मारेगावला डॉक्टर राठोडांकडे घेऊन आली. दवाखाना म्हणजे एकच खोली, डॉक्टरांच्या टेबलासमोरच रोग्यांचा बाक, आणि बाकावर गावचेच दोन-तीन पुरुष. तानाबाईने अर्धंच दुखणं सांगितलं. "थकल्यासारखं वाटते, अन् घडीघडी जा लागते." जळजळ हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला आणि परत गेला.

आता अशक्तपणा आणि वारंवार लघवी एवढंच सांगितल्यावर कुठल्याही डॉक्टरच्या मनात मधुमेह येणारच. त्यांनी चिठ्ठी लिहिली. लघवीतली साखर तपासा. "सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन या," असंही सांगितलं.

स्वच्छ बाटली! तानाबाईच्या घरात त्या दिवशी तीन बाटल्या होत्या. एक रॉकेलची, एक खोबरेल तेलाची आणि एक मी. प्रियंका म्हणाली, "आई, दुकानातून नवी आणू का?"

"कायले? हे मधाची हाये ना. मधापेक्षा सोच्छ काय असते?"

मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! दोन वर्षांनी कुणीतरी माझं नाव घेतलं होतं. तानाबाईने माझ्यात थोडं गार पाणी घातलं, एकदा हलवलं, ओतून दिलं आणि पदराने मला बाहेरून लख्ख पुसलं. तळाचा मध जागचा हलला नाही. मला ते जाणवत होतं. पण मी कोनाड्यातून बाहेर निघण्याच्या आनंदात होते, आणि बाटलीला सांगता तरी काय येतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना भरून, कापडी पिशवीत घालून, जीपमध्ये मांडीवर धरून मला आणलं. वाटेत तीन ठिकाणी जीप थांबली, ऊन वाढलं, मध हळूहळू सुटत गेला. नजीरभाई माणूस शांत आणि कामाचा. त्यांनी काचनळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्यातले आठ थेंब टाकले आणि नळी स्पिरीटच्या दिव्यावर धरली. साखर नसेल तर निळा रंग निळाच राहतो. असेल तर हिरवा, पिवळा, नारिंगी होत जातो. त्या नळीतला रंग बघता बघता विटेसारखा लाल झाला. नजीरभाई हळहळले. "फार शुगर हाये, बाई," ते म्हणाले.

चिठ्ठीत फक्त साखर लिहिली होती, म्हणून त्यांनी फक्त साखर पाहिली. मला नळाखाली विसळून खिडकीत ठेवलं, आणि घरी जायच्या घाईत मायलेकींसारख्या त्या सासूसुना मला न्यायला विसरल्या.

डॉक्टर राठोडांनी कागद पाहून सांगितलं, "एवढ्यावर गोळी देत नाही. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायला या, मग ठरवू." पण उद्या वेचणी होती. परवाही होती. तानाबाई रक्त द्यायला आली नाही. उलट घडीघडी जावं लागतं ते शुगरमुळे, असं धरून तिने उरलंसुरलं पाणीही कमी केलं. भात सोडला, भाकर अर्धी केली. शेजारचे बळीराम जुने मधुमेही. माणूस प्रेमळ. त्यांनी आपल्या पाकिटातल्या गोळ्या तिला काढून दिल्या. "घे वैनी, मले लागू पडल्या तं तुलेबी पडतीन." नको म्हणायचं तिलाही सुचलं नाही.

चौथ्या दिवशी शेतात दुपारी तानाबाईला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कपाशीच्या तासातच बसली. बायांनी आरडाओरडा करून जीप बोलावली. जीपवाल्याच्या थर्मासमध्ये गोड चहा होता. त्याने कप भरून पुढे केला. प्रियंकाने त्याचा हात मागे ढकलला.

"चहा नोको देऊ भाऊ, आईले शुगर हाये!"

मित्रांनो, त्या वेळी तो एक कप चहा हेच तिचं औषध होतं. ज्याच्या अंगात साखर जास्त नाही त्याने साखर उतरवणारी गोळी घेतली, आणि वर तो उपाशी राहिला, तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली जाते. हे प्रियंकाला कुठून माहीत असणार? माझ्यामुळे निघालेल्या त्या लाल रंगावर तिचा विश्वास होता. पूर्ण रस्ताभर ती सासूचं डोकं मांडीवर घेऊन रडत होती आणि चहा जीपवाल्याच्या पायाशी गार होत होता.

डॉक्टरांच्या दारातच नजीरभाईंना बोलावलं. त्यांनी तानाबाईचं बोट टोचून रक्ताचा थेंब छोट्या यंत्रात घातला आणि आकडा बघून ओरडले, "डॉक्टरसाहेब, शुगर तं पाताळात गेली!" डॉक्टरांनी लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळाने तानाबाईने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल? "कापूस मोजला का वं?" असं विचारलं. डॉक्टरांनी बळीरामच्या गोळ्यांची हकीकत ऐकून कपाळाला हात लावला आणि त्या गोळ्यांचा अंमल उतरेपर्यंत, दुसऱ्या दिवसापर्यंत, तिला तिथेच झोपवून ठेवलं.

गोळ्यांचा उलगडा झाला. पण लाल रंगाचा होईना. नजीरभाई लॅबमध्ये परत आले ते मान खाली घालून. दिव्याजवळ बसून राहिले. मग त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. मी तिथे उभी होते, आणि माझ्या मानेभोवती मुंग्यांची रांग लागली होती.

ते उठले. मला हातात घेऊन उजेडासमोर धरलं. धावजींनंतर पहिल्यांदाच कुणी मला असं धरलं होतं, पण या वेळी मला लपून बसावंसं वाटत होतं. नजीरभाईंनी माझ्यात नळाचं पाणी कोमट करून घातलं, खळखळून हलवलं आणि त्याच पाण्याचे आठ थेंब निळ्या औषधात टाकले. नळी दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि मग नारिंगी.

"रशीदा! अगं इकडे ये! नळाच्या पाण्याले शुगर झाली!"

ते मोठ्याने हसले आणि एकदम थांबले. प्रियंकाला बोलावून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मध होता, भाऊ. पण आईनं धुतली होती बाटली." मला त्या क्षणी फुटून जावंसं वाटलं. माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या बाईबद्दल मी खोटी साक्ष दिली होती.

नजीरभाईंनी आपली चूक झाकली नाही. ते डॉक्टरांकडे गेले, सगळं सांगितलं आणि म्हणाले, "बाटली कशाची हाये, हे मीच विचाराले पाहिजे होतं." संध्याकाळी रशीदाभाभी तानाबाईजवळ जाऊन बसल्या. मध्ये पडदा ओढून घेतला. मला नजीरभाईंनी डॉक्टरांना दाखवायला म्हणून तिथे आणलं होतं, त्यामुळे पुढचं बोलणं मी स्वतः ऐकलं.

"तानाबाई, मले खरं सांगा. लघवीले जळजळ होते काय?"

तानाबाईने पडदा नीट लागलाय का ते पाहिलं. मग खणखणीत आवाजाची ती बाई अगदी हळू बोलली. "व्हय. मिरची लागल्यावानी."

"मंग डॉक्टरले काहून नाही सांगतलं?"

"बाकावर गावचे माणसं होते ना, भाभी. त्याईच्यासमोर काय सांगू?"

भाभींनी तिला उकळून वाळवलेली, रुंद तोंडाची नवी बाटली दिली. आधी स्वच्छ धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार बाटलीत घ्यायची, आणि बाटली लगेच आणून द्यायची. हे सगळं तिला नीट समजावलं. या वेळी निळा रंग निळाच राहिला. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पू झाल्यावर दिसतात त्या पेशी ढीगभर होत्या, आणि जंतूही वळवळताना दिसत होते. नजीरभाईंनी थोडा नमुना यवतमाळला पाठवला. तिथे जंतू वाढवून पाहतात आणि कुठल्या औषधाने ते मरतात हे सांगतात.

डॉक्टरांनी ताप पाहिला, पाठीवर दोन्ही बाजूंनी हलकं दाबून पाहिलं. "थंडी वाजून ताप? पाठीत कळ? उलटी?" तिन्हींना तानाबाईने नाही म्हटलं. डॉक्टरांना हायसं वाटलं. "जंतू अजून खालीच आहेत, मूत्राशयात. असेच वर चढले असते तर किडनीवर गेलं असतं. पाच दिवसांच्या गोळ्या देतो. एकही चुकवायची नाही. पाणी प्या, आणि लघवी धरून ठेवू नका."

तिसऱ्याच दिवशी तानाबाईची जळजळ थांबली. पाचव्या दिवशी ती लॅबमध्ये आली तेव्हा पदराच्या गाठीत चार गोळ्या बांधलेल्या होत्या. भाभींनी विचारलं, या कशाला ठेवल्या?

"मले तं बरं वाटून राह्यलं. आमच्यातल्या एकीले असंच होते, तिले देतो."

भाभींनी मला फळीवरून उचललं आणि तिच्यासमोर ठेवलं. "बळीरामभाऊनंबी अशाच मायेनं दिल्या होत्या ना?" तानाबाईने माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. राहिलेल्या गोळ्या तिने घेऊन संपवल्या. यवतमाळहून कागद आला, औषध बरोबर होतं. पुन्हा तपासलं तेव्हा नमुना स्वच्छ निघाला. नजीरभाईंनी त्याच दिवशी माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली.

शेतात काय झालं ते प्रियंकाने येऊन सांगितलं. तानाबाईने शेतमालकाला बांधावर अडवलं. तिचं म्हणणं, आडोशासाठी चार बल्ल्या रोवून त्यांना जुनं लुगडं गुंडाळायचं आणि प्यायच्या पाण्याचा पिंप सावलीत ठेवायचा, तरच बाया ओटी बांधतील. मालक चिडला. "वेचाले आल्या का घर बांधाले?" तानाबाई तिथेच बांधावर बसली. तिच्यामागे पंधराच्या पंधरा बाया बसल्या. तासाभराने मालकानेच बल्ल्या आणून दिल्या. तेव्हापासून तिची टोळी ज्या शेतात जाते तिथे आधी आडोसा उभा राहतो, आणि निघताना तानाबाई प्रत्येकीची पाण्याची बाटली भरलेली आहे का ते बघते.

आता शेवटचं. पुढच्या साली वेचणीच्या दिवसांत तानाबाई शेजारघरच्या दीपा नावाच्या नव्या सुनेला घेऊन आली. पोरीच्या लग्नाला सहा महिने झालेले. लॅबच्या बाकावर चार पुरुष बसले होते, त्यांत बळीरामही होते. नजीरभाईंनी विचारलं, "काय त्रास होते, बेटा?" दीपा पदराचं टोक पिळत उभी राहिली. "थकल्यासारखं वाटते," एवढंच ती म्हणाली.

तानाबाईने फळीवरून मला खाली घेतलं. दारातून ऊन येत होतं, त्यात मला धरलं. चिठ्ठी हालत होती. मग सगळ्या लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली.

"हे पाह्य पोरी. मले लघवीले जळजळ होत होती. म्या लाजून सांगतलं नाही, तं हे बाटली मायाबद्दल बोलली. खोटं बोलली, अन् मी मरता मरता वाचली. आता तू सांगतं का बाटलीले सांगाले लावतं?"

दीपाने मान वर केली. "जळजळ होते," ती म्हणाली. "आठ दिवस झाले." कुणीही हसलं नाही. बळीराम उठले, आपली जागा रिकामी केली आणि म्हणाले, "बस बेटा."

मित्रांनो, मी फळीवर आहे. आता मला त्या चिठ्ठीचा राग येत नाही. तुमच्या घरात कुणाला नमुना न्यायचा असेल, तर लॅबमधून बाटली मागून आणा. माझ्यासारख्या जुन्या बाटलीवर भरवसा ठेवू नका, तिच्या तळाशी काय उरलंय ते बाहेरून पुसून दिसत नाही. आणि दुखणं असेल तर तुमच्या तोंडाने सांगा, पूर्ण सांगा. बाटलीला तुमचं दुखणं माहीत नसतं. तिला फक्त तिचा मध माहीत असतो.